काळ्या किनाऱ्याला अर्धा दिवस द्या : खान्देशातल्या सहल-आयोजकांना खुलं पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबारहून मॉरिशसच्या सहली नेणाऱ्या सर्व आयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत 'साऊथ आयलंड टूर' नावाचा एक दिवस असतो. सकाळी क्यूरपीपचं विवर, मग गंगा तलावावर दर्शन, मग शामारेलची सातरंगी माती, मग खरेदी, आणि वेळ उरलाच तर शेवटी 'ग्री-ग्री बीच, फोटो स्टॉप, २० मिनिटे'. ही शेवटची ओळ तुम्ही बदलावी, म्हणून हे पत्र लिहिते आहे. कुणा एका आयोजकाला धरून लिहीत नाही. सगळ्यांच्या पत्रिका एकमेकांवरून उतरवलेल्या असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

मी अमळनेरची. शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. आमच्या भिशीच्या बायका आणि त्यांच्या घरची मंडळी मिळून तुमच्यापैकीच एकांच्या गटाबरोबर मॉरिशसला जाऊन आलो. जेवणाची तक्रार मुळीच नाही. सोबत नेलेल्या महाराजांनी परक्या बेटावर शेवभाजी रांधली, फौजदारी डाळ केली, त्याचे व्हिडिओ जळगावभर फिरले. विमान वेळेवर, खोल्या स्वच्छ. जेवणाची जेवढी काळजी घेतलीत तिच्या पावपट समुद्राची घेतली असती, तर मला लेखणी उचलावी लागली नसती.

झालं ते असं. बस ग्री-ग्रीला थांबली. वर हिरवळ, सुरूची झाडं, अंगावर येणारा वारा. गाइड म्हणाला, वीस मिनिटांत परत या. बस्स, एवढंच. पोहणं धोक्याचं असल्याची पाटी तिथे आहे, पण वीस मिनिटांच्या घाईत पाटी कोण वाचतो? आमच्यातले काही तरुण खाली वाळूवर उतरले, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि समुद्राकडे पाठ करून फोटोला उभे राहिले. आधीच्या लाटा घोट्याशी येऊन परत गेल्या, पुढची छातीपर्यंत आली. एक मुलगा पडला, पाण्याबरोबर फरफटत गेला आणि एका खडकाला धरून कसाबसा उठला. चष्मा गेला, मोबाइल गेला, दोन्ही गुडघे सोलले. वरून त्याची आई 'माय वं, माय वं' करत होती. गाइड तेव्हा बसमध्ये पाण्याच्या बाटल्या मोजत होता. रात्री जेवताना या प्रसंगावर हसणंही झालं. मला काही हसू आलं नाही.

मुलाची चूक होतीच, पण त्याला तसं उभं राहायला शिकवलं तुम्ही. कसं, ते सांगते. मॉरिशसच्या भोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. उत्तरेला ग्राँ बेला किंवा पूर्वेला बेल मारला तुम्ही जे निळं, कंबरभर, तळ दिसणारं पाणी दाखवता, ते या भिंतीच्या आतलं. मोठी लाट बाहेर भिंतीवरच फुटते, आत येतात त्या नुसत्या झुळझुळी. इल ओ सेर्फ या शेजारच्या लहान बेटावर आमच्या साठीच्या बायका पहिल्यांदा समुद्रात बसल्या, त्या या भिंतीच्या जिवावर. प्रवाळाला स्वच्छ, खारं, उजेडाचं पाणी लागतं. जिथे नदी गोडं पाणी आणि गाळ आणून टाकते तिथे ते तग धरत नाही. बेटाच्या दक्षिण टोकाला, सुयाक गावाजवळ, ही भिंत तुटते. ग्री-ग्री नेमकं तिथे आहे. त्याच्या दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत वाटेत अडवायला मोठी जमीन नाही. दक्षिण महासागरात कुठेतरी वादळाने उठलेली लाट हजारो किलोमीटर चालत येते आणि पहिल्यांदा आपटते ती या काळ्या कड्यांवर.

म्हणजे सहलीचे सुरुवातीचे दिवस तुम्ही आमच्या माणसांना भिंतीच्या आत खेळवता, 'समुद्र किती शांत आहे बघा' म्हणता, आणि मग एका दुपारी भिंत नसलेल्या किनाऱ्यावर सोडून देता. मध्ये एक वाक्य बोलत नाही.

आपली माणसं पाण्याला भिणारी नाहीत, हेही लक्षात घ्या. तापीत, गिरणेत, पांझरेत, बोरीत उड्या मारून मोठी झालेली ही पोरं. 'आम्हाला पोहता येतं' हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, आणि धोका तिथेच आहे. नदीत पोहणाऱ्याला धार कळते: पाणी एका बाजूला चाललंय, आपण तिरकं तोडत काठाला लागायचं. उघड्या समुद्रात पाणी आधी काठाकडे ढकलतं आणि मग काठापासून आत ओढतं. ती परतीची ओढ अरुंद असते, वरून गुळगुळीत दिसते, आणि न माहीत असलेल्या माणसाला नेमकी तीच जागा उतरायला बरी वाटते. लाटाही सारख्या येत नाहीत. बराच वेळ लहान लहान येतात, माणूस सैलावतो, आणि मग तीन-चार मोठ्या एकामागून एक येतात. हे नदी शिकवत नाही. कुणीतरी सांगावं लागतं, आणि पैसे घेऊन नेणाऱ्याने ते सांगणं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मग ताई, ती ओळच काढून टाकतो, झंझट नको. नाही. हेच मला नको आहे. ग्री-ग्री पत्रिकेतून गेलं तर आमच्या लोकांनी मॉरिशस पाहिलंच नाही असं होईल. पांढरी वाळू आणि निळं पाणी मालदीवला आहे, थायलंडला आहे. दक्षिणेच्या काळ्या किनाऱ्याशी मात्र खान्देशाचं जे नातं आहे ते इतर कुणाचं नसेल, आणि ते एकाही पत्रिकेत लिहिलेलं नाही.

त्या गडबडीच्या दुपारीच आमच्यातल्या एक मावशी, ज्यांचा सगळा जन्म शिंदखेड्याकडच्या शेतात गेला, कड्याला तळहात लावून म्हणाल्या, "हाऊ दगड ते आपलाच शे ना वं!" बायका हसल्या. मावशींनी अंदाजानं म्हटलं होतं. शास्त्रज्ञांना हेच म्हणायला समुद्राचा तळ खणावा लागला.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला सगळा मुलूख लाव्ह्याखाली गेला. थरावर थर. सातपुड्यात, लळिंगच्या किल्ल्यावर, पाटणादेवीच्या डोंगरात, अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या घळईत जो काळा कातळ दिसतो तो हाच. झिजून, वाहून गेल्यावरही आज त्याचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर उरला आहे. नंदुरबार–धुळे पट्ट्यात शेतांमधून भिंतीसारखे उभे, सरळ रेषेत कित्येक किलोमीटर जाणारे दगडी पट्टे आहेत, त्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. जमिनीला पडलेल्या भेगांतून वर येता येता थिजलेला लाव्हा तो. गुरं राखणारी पोरं त्यावर बसून डबा खातात.

तेव्हा आपली ही जमीन आज आहे तिथे नव्हती. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातला जो तप्त झरा त्या वेळी आपल्याखाली होता, तो जवळपास जागच्या जागी राहिला आणि आपण पुढे निघून आलो. मागे त्या झऱ्याने समुद्रतळावर रांगच उठवली: लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या पाण्याखालच्या डोंगररांगेवर उभे आहेत ती रांग. पुढे समुद्रतळ जिथे फाकत होता तो कणाच या झऱ्यावरून सरकला, म्हणून रांगेचे दोन तुकडे पडले, आणि दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी मॉरिशस उभं राहिलं. १९८७ साली हिंदी महासागरात जहाजावरून तळाला भोकं पाडून या रांगेतले दगड वर काढले गेले. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना त्यांचं वय उतरत गेलेलं सापडलं. मॉरिशसचे सगळ्यांत जुने दगड ८०-९० लाख वर्षांचे. तिथून पुढे रियुनियन बेट, आणि तिथे पितों द ला फूर्नेझ नावाचा ज्वालामुखी आजही अधूनमधून लाव्हा ओकतो. ज्या चुलीवर खान्देश शिजला ती चूल अजून विझलेली नाही.

नकाशा उघडा आणि बघा. जळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर. रियुनियन दक्षिणेला २१ अंशांवर. मॉरिशस जरा अलीकडे. मी इतकी वर्षं फळ्यावर अक्षांश काढले, पण हे असं शेजारी शेजारी ठेवून कधी दाखवलं नव्हतं. आता एखाद्या वर्गात बोलावलं तर तिथूनच सुरुवात करीन.

आणि फरकही बघण्यासारखे आहेत. मॉरिशसच्या तरुण दगडात वायूचे बुडबुडे असतात, रिकामेच. आपल्याकडे त्या बुडबुड्यांत कोट्यवधी वर्षं पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढले. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतून निघणारी ही पांढरी, हिरवट स्फटिकं जगभरच्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात आहेत, आणि आपल्याकडे खडी फोडणाऱ्या मशीनमध्येही जातात. मातीचंही तसंच. हाच काळा दगड आपल्या कमी पावसात झिजला की कपाशीची काळी माती होते. मॉरिशसच्या डोंगराळ भागात पाऊस धो धो पडतो, तो दगडातलं बरंच काही धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं आणि माती तांबडी होते. शामारेलची 'सातरंगी' माती ती हीच. तिथे तुमचा गाइड 'निसर्गाचा चमत्कार' म्हणून मोकळा होतो. आमच्या शेतकरी मंडळींना दगडाची माती कशी होते हे सांगून बघा, शामारेलच्या कठड्याला टेकून ते तासभर प्रश्न विचारतील. गंगा तलावाबद्दलही कुणी सांगत नाही की तो मुळात ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं पाणी आहे. ३३ मीटर उंच मंगल महादेवाच्या मूर्तीखाली सगळे फोटो काढतात, पाण्याचा गोल आकार कुणी बघत नाही.

एक बारीकशी गोष्ट राहिली, ती मला फार आवडते. २०१३ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण सापडले, त्यांतले काही अब्जाहून जास्त वर्षांचे. बेटच ९० लाख वर्षांचं, आणि वाळू अब्ज वर्षांची! पुढे २०१७ मध्ये वाळूत नव्हे, थेट बेटाच्या दगडात ३०० कोटी वर्षांपर्यंतचे कण मिळाले. भारत आणि मादागास्कर वेगळे होताना मध्ये राहिलेला जुन्या खंडाचा तुकडा बेटाच्या पायाखाली असावा आणि वर येणाऱ्या लाव्ह्याने त्याचे कण उचलून आणले असावेत, असं संशोधक मानतात.

हे सगळं मला ग्री-ग्रीच्या वीस मिनिटांत सुचलं नाही. मोकळ्या दिवशी बाकीची मंडळी पोर्ट लुईला बाजार करायला गेली, तेव्हा मावशी, आणखी एक मैत्रीण आणि मी अशा तिघी टॅक्सी करून परत दक्षिणेला गेलो. ड्रायव्हर मराठी घरातला निघाला. मॉरिशसच्या मराठी लोकांचे पूर्वज रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा भागांतून ऊसमळ्यांवर मजुरीला आले. त्याला बोलायला क्रिओल, म्हणजे तिथली बोली, सोपी, मराठी तुकड्यातुकड्यांनी, पण गणपतीची आरती अखंड पाठ. वाटेत उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसत होते. मावशींनी विचारलं, हे काय? त्याने सांगितलं, रान साफ करताना मजुरांनी वेचून काढलेले दगड. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसं भारतातून करारावर तिथे उतरली. पोर्ट लुईला मजूर उतरवायचे त्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या तुम्ही दाखवता, ती हीच माणसं. त्या हातांनी लावलेले हे ढीग. शेतातले दगड वेचणं म्हणजे काय हे मावशींना सांगायला लागलं नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, आपल्याकडे निदान बांधाला तरी कामी येतात.

त्याने आम्हाला ग्री-ग्रीच्या पुढे किनाऱ्याच्या एका खोबणीत नेलं. कुठल्या, ते मी लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे सांगते. गाडी उसात उभी केली, केवड्याच्या जातीच्या झाडांतून पायवाट, आणि एकदम कडा संपतो. दोन्ही बाजूंनी काळे कातळ समुद्रात शिरलेले, मध्ये चिंचोळा किनारा. वरच्या अंगाला वाळू, कळण्याच्या पिठासारखी करडी: शंख-प्रवाळांचा पांढरा चुरा आणि कातळाचा काळा, दोन्ही मिसळून. खालच्या अंगाला गोल झालेले काळे गोटे. लाट वर येताना आवाज लाटेचा असतो. परत जाताना गोटे एकमेकांवरून घरंगळतात आणि आवाज दगडांचा होतो. कातळात खांबांसारखे सांधे पडलेले. लाव्हा थिजताना आकसतो आणि तडकतो, म्हणून असे खांब होतात. सुयाकजवळच्या रोचेस्टर धबधब्यावर हे आणखी स्वच्छ दिसतात, तिथे तर कुणीतरी कोरून ठेवलेत असं वाटतं. शेजारच्या एका खडकात पाणी वर चढून धारांनी खाली गळत होतं. ग्री-ग्रीजवळच्या ज्या 'रडणाऱ्या खडका'त कवी रॉबर्ट-एडवर्ड हार्ट यांचा चेहरा दिसतो म्हणतात, तिथेही असंच होतं. आम्ही तिकडेही गेलो. मला काही चेहरा दिसला नाही, मावशींना दिसला.

पण मला सांगायची आहे ती त्या ड्रायव्हरची पद्धत. त्याने आम्हाला लगेच खाली उतरू दिलं नाही. कड्यावर बसवलं आणि म्हणाला, आधी बघा. पंधरा-वीस मिनिटं आम्ही नुसत्या लाटा बघत बसलो. मग त्याने बोट दाखवलं: जिथवर दगड ओला आहे तिथवर लाट येऊन गेली आहे, आत्ता येत नसली तरी. त्या ओल्या रेषेच्या बरंच वर, कोरड्या दगडावर बसायचं. शेवाळलेल्या दगडावर पाय द्यायचा नाही. पाठ समुद्राकडे करायची नाही. पाण्यात पाय घालायचा नाही, पावलं बुडवायला म्हणूनही नाही. कड्याच्या अगदी खाली बसायचं नाही, वरून दगड सुटतात. भरती चढू लागली की निघायचं, कारण परतीची वाट खालूनच आहे. बस, एवढे नियम. पंचाहत्तरीच्या मावशी ते सगळे पाळून मनसोक्त बसल्या, दगडाला हात लावून, डब्यातली पोळी-चटणी खाऊन, कोरड्या पायांनी परत आल्या. आमच्या सगळ्या सहलीतला तो सगळ्यात मोठा अर्धा दिवस.

तेव्हा माझं मागणं असं. दक्षिणेच्या दिवसातला खरेदीचा थांबा काढा. जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींच्या दुकानात आमच्या गटाने जेवढा वेळ काढला तेवढ्यात ग्री-ग्री ते रडणारा खडक हा टप्पा रमतगमत होतो. दुकानाकडून गाइडला काय मिळतं याची चर्चा मी करत नाही, तुम्ही ती आपसात करा. सकाळी दक्षिणेला आधी जा, उन्हं चढायच्या आत, आणि विवर-दर्शन नंतर ठेवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खाली उतरायची गरजच नाही. वरच्या हिरवळीवरून कडे, लाटा, तुटलेली भिंत सगळं दिसतं. ज्यांना उतरायचंय त्यांच्याबरोबर तुमचा माणूस उतरायला हवा, आणि तो आधी उतरायला हवा.

आदल्या रात्री हॉटेलात जेवणानंतर सगळ्यांना बसवा आणि हे नियम आपल्या भाषेत सांगा. अहिराणीत सांगितलंत तर आणखी बरं, हसतील पण ऐकतील. आता सांगतात ते 'उद्या सकाळी सात वाजता नाश्ता, टोपी-गॉगल आणा' एवढंच. तरुण मुलांच्या आयांना वेगळं सांगा. त्या एकदा मनावर घेतील तर पोरं पाण्याकडे फिरकणार नाहीत. आणि जाहिरातीत कड्याच्या टोकावर हात पसरून उभ्या असलेल्या मुलीचा फोटो छापू नका. तुम्ही छापलात की प्रत्येकाला तसाच हवा असतो.

आता ती खोबण. तुमच्यापैकी दोघांनी माझ्या मुलामार्फत विचारलंय की ताई कुठे जाऊन आल्या, लोकेशन पाठवा, नव्या पत्रिकेत 'सीक्रेट बीच' म्हणून टाकतो. पाठवणार नाही. रागावू नका. मॉरिशसमध्ये किनारे सगळ्यांचे असतात, कुणी अडवणार नाही, हे खरं. पण तिथे तीन बायका बसल्या तर जागा उरते. पंचेचाळीस माणसांची बस उतरली तर ओल्या रेषेच्या वर उभं राहायलाही जागा नाही, आणि निम्मे लोक आपोआप रेषेच्या खाली जातील. जीवरक्षक नाही, फोनला रेंज येते-जाते, वर चढायला वाट एकच. ग्री-ग्रीचा किनारा मोठा आहे, रस्त्याला लागून आहे, माणसांची वर्दळ आहे. बस तिथेच न्या. ज्याला एकांतच हवा, त्याने मोकळ्या दिवशी स्थानिक माणूस सोबत घेऊन आपल्या जबाबदारीवर जावं. तुम्ही फक्त मोकळा दिवस खरोखर मोकळा ठेवा, त्यात 'ऑप्शनल' पाणबुडी घुसडू नका.

गोट्यांबद्दलही बोलायला हवं. आमच्या बसमधल्या बऱ्याच पिशव्यांत काळे गोल दगड होते, एकीने तर देवघरात ठेवायला म्हणून शाळिग्रामासारखा निवडून घेतला होता. किनाऱ्यावरचं काही उचलून आणायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. पन्नास माणसांनी एकेक उचलला आणि वर्षाला तुमच्या शंभर बसेस गेल्या, तर त्या किनाऱ्याला काय उरेल याचा हिशेब करा. मॉरिशसने खाजणातली, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या आतल्या पाण्यातली, वाळू काढणं २००१ मध्ये बंद केलं, ते उगाच नाही. पर्यटकांनी निदान तेवढं तरी जपावं. आणि दगडच हवा असेल तर पांझरेच्या पात्रात हवे तेवढे आहेत, वयाने मोठे, आणि विमानात वजनही भरत नाही.

एक सोपी गोष्ट निघण्याआधीच करता येईल. पासपोर्टची कागदपत्रं गोळा करायला तुम्ही गटाला एकदा बोलावताच. तेव्हा हॉलमध्ये चहा देण्याऐवजी धुळेकरांना लळिंगला न्या, जळगावकरांना अजिंठ्याच्या घळईत, चाळीसगावकरांना पाटणादेवीला. लाव्ह्याचे थर एकावर एक कसे बसलेत ते दाखवा. दोन तासांचं काम. मग सुयाकच्या कड्यावर तुम्हाला फार बोलावंच लागणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीच्या पत्रिका गणपतीच्या सुमाराला छापायला जातात, असं मला एका छापखान्यात कळलं. त्याआधी मसुदा पाठवलात तर समुद्राच्या सूचनांचं एक पान मी मराठीत आणि अहिराणीत लिहून देते. मोबदला नको, माझं नावही नको. अमळनेर, पारोळा, चोपडा इथल्या गटांसमोर निघायच्या आधी तासभर बोलायलाही येईन. नकाशे माझ्याकडे आहेत, प्रोजेक्टर तुम्ही आणा. आणि त्या पडलेल्या मुलाला सोबत घेऊन येईन म्हणते. तो तयार आहे, आणि त्याचं लोक माझ्यापेक्षा जास्त ऐकतील.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव